दंड भरला, विषय संपला?

"सापडला बिचारा." दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या माणसाबद्दल आपल्या मध्यमवर्गीय घरांत पहिलं वाक्य हेच येतं. पावसात सापडावं तसा तो नाकाबंदीत सापडतो. मग केवढ्याला पडलं याची चौकशी होते, कोणीतरी ओळखीच्या साहेबांचा किस्सा सांगतं, आणि सगळ्यांच्या मते विषय संपतो. दंड भरला ना? मग झालं तर!

मला या "झालं तर"चा राग येतो आणि आज तो इथे काढणार आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात याची कल्पना आहे. काहींना टोचेल. टोचू दे.

माझं म्हणणं साधं आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा हिशोब पावतीवर संपत नाही, तो कोर्टाच्या नोंदीत लिहिला जातो. ती नोंद उघडी असते, घरबसल्या बघता येते. आणि ज्याच्या गाडीत आपली पोरंबाळं बसतात त्याची नोंद बघण्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. लाज वाटायचीच असेल तर ती लपवणाऱ्याला वाटावी.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण या विषयावर जेवणाच्या टेबलावर जेवढी चुकीची माहिती वाढली जाते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या विषयावर वाढली जात असेल. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. "मी शुद्धीत होतो", "गाडी एकदम सरळ चालवत होतो", "मला चढत नाही" या वाक्यांना त्या कलमात जागा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये, किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे. त्याआधी पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता, आणि आमच्या घरातले बरेच तज्ज्ञ अजून त्याच काळात राहतात.

आणखी एक लाडका गैरसमज. "महाराष्ट्रात ते नवे दंड कुठे लागू आहेत?" २०१९ मध्ये आपल्या राज्य सरकारने नव्या दंडांबाबत हात आखडता घेतला होता हे खरं. वाढीव रकमा आल्या त्या डिसेंबर २०२१ मध्ये. पण त्या होत्या तडजोडीच्या रकमा, म्हणजे सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, पैसे भरा आणि मोकळे व्हा या प्रकारच्या गुन्ह्यांच्या. तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे आणि त्या यादीत १८५ नाही. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण रस्त्यावर मिटूच शकत नाही. ते कोर्टातच जातं. तेव्हा "जागेवर दोन हजारात मिटवलं" असं कोणी फुशारकीने सांगत असेल तर त्याने दंड भरलेला नाही, लाच दिलेली आहे. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे एका रात्रीत दोन गुन्हे, आणि वर ते पार्टीत सांगायचे!

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. याच कायद्याचं कलम २०. कलम १८५ खाली दोषी ठरवलं की कोर्टाने त्या माणसाला लायसन्स धारण करायला अपात्र ठरवलंच पाहिजे, आणि तेही किमान सहा महिने. "ठरवू शकतं" असं तिथे लिहिलेलं नाही. पुढे कलम २४ म्हणतं की अपात्रतेची नोंद लायसन्सवरही व्हायला हवी. त्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली वेगळा गुन्हा, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी खास कलम १८८. १८५ च्या गुन्ह्याला जो मदत करेल, चिथावेल, त्यालाही तीच शिक्षा. "अरे दोनच पेग झालेत, जा घेऊन, ही घे किल्ली" म्हणून पार्टीत किल्ली हातात ठेवणाऱ्या काकांनी हे कलम दोनदा वाचावं.

हे सगळं मी हौसेने वाचत बसले नव्हते. आमच्याच घरात घडलं म्हणून वाचलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. नात्यातला एक मुलगा, चांगली नोकरी, नवी गाडी, रात्री मित्रांबरोबर बसून परतताना नाकाबंदीत पकडला गेला. रात्री एकच्या पुढे त्याच्या आईचा मला फोन. मुलगा कसा आहे, कोणाला लागलं का, यातलं काहीही नाही. पहिला प्रश्न, "तुझी ती वकील मैत्रीण आहे ना, तिला विचार की कागदावर यायच्या आधी काही होतं का." मी नाही म्हटलं. त्यावरून जे रुसवेफुगवे झाले ते झाले.

यथावकाश कोर्टात केस लागली, त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. आणि पुढच्याच महिन्यात कुलदैवताला जायचं ठरलं, जेजुरीला. गाडी कोण चालवणार? तोच! मागच्या सीटवर माझ्या बहिणीची दोन मुलं बसणार. मी विचारलं, लायसन्सचं काय झालं? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवाच्या कामात मोडता घातला. "दंड भरलाय की त्याने." मग मी त्याच दिवशी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याचं प्रकरण काढलं. निकालाची तारीख होती, गुन्हा कबूल केल्याचा शेरा होता, आणि आदेशात सहा महिन्यांची अपात्रता स्वच्छ लिहिलेली होती. त्यातले जेमतेम पाच आठवडे झाले होते. मी तो आदेश सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही एसटीने गेलो.

त्यानंतर मला जे ऐकवलं गेलं ते असं: "घरच्या माणसाची कोर्टात चौकशी करतेस?" हो, करते. घरचा आहे म्हणूनच करते. परक्याच्या गाडीत माझी भाचरं बसत नाहीत.

मुलगी बघायला जाताना आपण सात पिढ्यांचं खोदकाम करतो. मुलाचा पगार, फ्लॅटवरचं कर्ज, मामाचा स्वभाव, गोत्र, नाडी, मंगळ. घरकामाला बाई ठेवताना आधार कार्ड मागतो, सोसायटीत भाडेकरू आला की पोलिसांकडे नोंद करायला लावतो. पण जो माणूस आपल्या मुलांना शंभरच्या वेगाने द्रुतगती मार्गावरून नेणार आहे, तो आधी दारू पिऊन गाडी चालवताना दोषी ठरलाय का, हे बघणं मात्र असभ्यपणा! शाळेच्या व्हॅनचा चालक, ऑफिसच्या कॅबचा चालक, होणारा जावई, कोणाचीही ही एक गोष्ट विचारायला आपली जीभ रेटत नाही.

बघायची कशी, तेही सांगते, कारण हे अवघड आहे असा उगाच समज आहे. ई-कोर्ट्सवर जिल्हा न्यायालयांचा विभाग आहे. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, मग न्यायालय संकुल. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर काम एका मिनिटाचं. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, त्याला वर्ष टाकावं लागतं, आणि प्रलंबित की निकाली हेही निवडायचं असतं (दोन्ही निवडा). फिर्यादी म्हणून बहुतेक वेळा सरकार असतं, त्यामुळे आरोपीच्या नावानेच शोधायचं. मुंबईबाहेर अशी प्रकरणं साधारणपणे एससीसी, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटले, या प्रकारात दिसतात. पान उघडलं की कायदा आणि कलम बघा. मोटार वाहन कायदा, १८५. त्याखाली तारखांचा इतिहास आणि निकालाचं स्वरूप. आदेश चढवलेला असेल तर तोही वाचता येतो. चढवलेला नसेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. तिऱ्हाइताला कारण सांगून परवानगी घ्यावी लागते, पण तो रस्ता आहे.

मात्र थांबा. इथे घाई करणारा माणूस दुसऱ्याचं आयुष्य नासवू शकतो. नावं इंग्रजीत टाइप केलेली असतात आणि चौधरी, दीक्षित, शिंदे यांची स्पेलिंगं प्रत्येक कारकुनाच्या मर्जीनुसार. एकाच नावाची दहा माणसं एका जिल्ह्यात निघतात. वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, तारीख जुळल्याशिवाय "हाच तो" म्हणायचं नाही. प्रकरण प्रलंबित असेल तर तो आरोप आहे, दोष नाही. निर्दोष सुटला असेल तर सुटला, तुमच्या-माझ्या कुजबुजीला तिथे काम नाही. आणि काहीच सापडलं नाही याचा अर्थ माणूस धुतल्या तांदळासारखा आहे असाही नाही. सगळं नीट जुळलं तर त्या माणसाला समोर बसवून विचारा. व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटावर टाकू नका. नोंद सुरक्षिततेसाठी आहे, चघळण्यासाठी नाही.

आता आक्षेप. पहिला, "हे खासगी आयुष्यात डोकावणं आहे." तुमच्या दिवाणखान्यात तुम्ही काय आणि किती पिता हे खासगी. रस्ता खासगी नाही. आणि खटला उघड्या न्यायालयात चालतो तो उगाच नाही. न्याय झाला की मिटवला गेला हे लोकांना दिसावं म्हणूनच. अल्पवयीन मुलांची ओळख कायदा झाकतो, ते योग्यच आहे. पण तिशीतला, पगारदार, स्वतःला सुशिक्षित म्हणवणारा माणूस कोणत्या झाकणाखाली लपणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "रिक्षावाल्याचं लायसन्स सहा महिने गेलं तर त्याच्या पोराबाळांनी खायचं काय?" याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आव आणणार नाही. पण दंडाकडे बघा. १०,००० रुपये म्हणजे एकासाठी महिन्याभराच्या कमाईचा मोठा भाग आणि दुसऱ्यासाठी एका शनिवारचं हॉटेलचं बिल. निव्वळ दंड हीच शिक्षा ठेवली तर श्रीमंताला ती परवान्यासारखी वाटते: पैसे भरा, प्या, चालवा. त्या पैसेवाल्याला खरोखर खुपणारी गोष्ट एकच, सहा महिने स्टिअरिंगला हात न लावणं. म्हणून तर तो दंडाबद्दल बोलतो आणि लायसन्सबद्दल गप्प बसतो. रिक्षावाल्याचं लायसन्स जातं तेव्हा स्टँडवर सगळ्यांना कळतं. साहेबांचं जातं तेव्हा कोणालाच कळत नाही आणि साहेब चालवतच राहतात. विषमता कुठे आहे ती इथे आहे, आणि ती नोंद बघितल्यानेच उघडी पडते.

तिसरा, "पोलीस मुद्दाम अडकवतात, मशीन चुकतं." शक्य आहे. म्हणून कायद्याने आरोपीलाही संरक्षण दिलंय. १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. तपासणीचा आग्रह धरा, कागद मागा, कोर्टात लढा. पण सबळ कारणाशिवाय तपासणीला नकार दिला तर तो नकारही तुमच्या विरोधात वापरता येतो, हेही लक्षात ठेवा. तक्रार मशीनची असेल तर उपाय कागदावरच आहे. कागदावर येऊच न देणं हा उपाय नव्हे.

कारण कागद खरा राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे पुण्याने १९ मे २०२४ ला पाहिलं. कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन. सुरुवातीला जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, त्यावर देशभर संताप झाला. पण मला त्याहून भयंकर वाटलं ते पुढचं. रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे नोंद जन्माला येण्याआधीच मारण्याचा आरोप. ते प्रकरण करोडोंच्या घरातलं म्हणून आपण तावातावाने बोललो. पण रात्री एक वाजता "कागदावर यायच्या आधी काही होतं का" असं विचारणारा फोन आणि तो आरोप यांत फरक पैशाचा आहे. जातीचा नाही.

मुंबईचं कार्टर रोड आठवतं का? नोव्हेंबर २००६. फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. खालच्या कोर्टाने २००७ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात माणसं आणि तीन वर्षं. हा हिशोब कोणाला पटो न पटो, पण तो आज वाचता येतो, त्यावर भांडता येतं, कारण तो लिहिलेला आहे.

परदेशातल्या भाचेकंपनीसाठी दोन ओळी. तुमच्याकडे अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा आपल्या हिशोबाने ८० मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर आपला कायदा तुमच्यापेक्षा कडक आहे! इंग्लंडमध्ये दोषी ठरलं की साधारणपणे किमान बारा महिने गाडी बंद. तिथे तुम्ही पार्टीला जाताना कोण पिणार नाही हे आधी ठरवता, आणि डिसेंबरात पुण्यात उतरलात की "इथे चालतं रे" म्हणता. चालत नाही. शिवाय अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, दोषी ठरला होतात का, हा प्रश्न असतोच. इथे चुलत्यांनी झाकलेलं तिथे स्वतःच्या हाताने लिहावं लागतं.

विम्याचंही ऐकून ठेवा. दारूच्या अमलाखाली गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारायला विमा कंपनीला पॉलिसीतच आधार असतो, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात कंपनीचं म्हणणं मान्य केलं, श्वासाची चाचणी झालेली नसतानाही.

असो. लांबलं. मागणं फार नाही. पुढच्या वेळी घरात कोणी असं पकडलं गेलं तर ओळख शोधू नका, वकील शोधा. दोष सिद्ध झाला तर आदेश मागून घ्या, वाचा, आणि अपात्रता संपण्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. तोपर्यंत किल्ली घरातल्या दुसऱ्या कोणाकडे. मुलगा चिडेल, चिडू दे. बाकीच्यांनीही त्याला वाळीत टाकू नका, टोमणे मारू नका, फक्त गाडी देऊ नका. सहा महिने संपले की त्याचं तो चालवेल.

आणि ते "सापडला बिचारा" तेवढं बंद करा. बिचारा तो, जो त्या रात्री समोरून दुचाकीवर येत होता आणि ज्याला कल्पनाही नव्हती.

ता. क. : या लेखावरून ज्यांना मला फोन करून झापायचंय त्यांनी खुशाल करावा. फक्त रात्री एकला नको.